ब्लू स्क्रीन आली म्हणून लगेच रॅम बदलू नका

घरी जोडलेला नवा कॉम्प्युटर अधूनमधून बंद पडतो, ब्लू स्क्रीन येते, गेम चालता चालता गायब होतो, असं कुणी सांगितलं की एक ठरलेला सल्ला लगेच मिळतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण मजकूर हाच असतो: "स्क्रीनवर मेमरीचं नाव आलं म्हणजे रॅम खराब. विंडोजची मेमरी टेस्ट लावा. पास झाली तर रॅम ठीक आहे, विंडोज पुन्हा टाका. नापास झाली तर रॅम बदलून घ्या. एक्सएमपी बंद करायची गरज नाही, खोक्यावरचा वेग कंपनीने तपासलेला असतो. फार तर व्होल्टेज थोडं वाढवा. आणि डीडीआर५ असेल तर काळजीच नको, त्यात ईसीसी असते."

रॅम म्हणजे कॉम्प्युटरची कामापुरती मेमरी, डीडीआर५ ही तिची नवी पिढी. एक्सएमपी म्हणजे रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवणारी तयार सेटिंग, आणि ईसीसी म्हणजे मेमरीतली चूक आपोआप दुरुस्त करायची सोय. हा सल्ला मी अक्षरशः पाळला होता. दोनदा रॅम बदलून घेतली, तीनदा विंडोज टाकलं, आणि कॉम्प्युटर पूर्वीसारखाच कोसळत राहिला. दोष कुठे निघाला ते पुढे येईलच. नवी मशीन हौसेने जोडणाऱ्या माणसाचे महिन्याचे रविवार या सल्ल्यापायी वाया जातात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासू.

"स्क्रीनवर मेमरीचं नाव आलं म्हणजे रॅम खराब." मेमरी मॅनेजमेंट, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल ही नावं वाचली की कुणालाही रॅमचाच संशय येणार. पण विंडोज इथे एवढंच सांगत असतं की मेमरीच्या हिशेबात काहीतरी जुळलं नाही. हिशेब चुकवणारा नेटवर्कचा किंवा ग्राफिक्सचा बिघडलेला ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्रामही असू शकतो. विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडंप नावाचा फोल्डर असतो, प्रत्येक ब्लू स्क्रीनची नोंद तिथे पडते. त्या नोंदी उघडल्यावर दर वेळी एकाच ड्रायव्हरचं नाव दिसलं तर आधी तो ड्रायव्हर बदला. दर वेळी कोड वेगळा, कोसळणारा प्रोग्राम वेगळा, कधी ब्राउझर, कधी गेम, कधी झिप फाइल उघडतानाच चूक, असं असेल तर मग हार्डवेअरकडे बघा.

हार्डवेअर म्हणजे रॅमच, असंही नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर अनरियल इंजिनचे गेम 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' असा संदेश देऊन बंद पडत होते. वाचणाऱ्याला वाटायचं ग्राफिक्स कार्डाची मेमरी कमी पडली. प्रत्यक्षात जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसरचीच झीज होत होती. इंटेलने त्यावर ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामच्या अपडेटमधून दिली आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र अपडेटने बरा होत नाही, तो बदलावाच लागतो. तुमच्याकडे यांपैकी एखादा प्रोसेसर असेल तर रॅमला हात लावण्याआधी बायोसची आवृत्ती बघा.

"विंडोजची टेस्ट पास झाली तर रॅम ठीक." ही टेस्ट आपण काही न बदलता लावली तर स्टँडर्ड प्रकारात फक्त दोन फेऱ्या करते. एफ१ दाबून एक्स्टेंडेड निवडता येतं, पण ते बहुतेकांना माहीत नसतं. ढळढळीत खराब चिप ती पकडेल. कधीतरीच, विशिष्ट क्रमाने वाचल्यावर चुकणारा बिट तिच्या हातून सुटतो. त्यापेक्षा मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाका, त्यावरून मशीन सुरू करा आणि किमान चार फेऱ्या होऊ द्या. रॅम मोठी असेल तर रात्रभर लागेल, लागू द्या. आणि एक चूकसुद्धा चूकच. "हजारो तपासण्यांत एकच तर एरर आली" असं म्हणून सोडून देऊ नका.

तीही पास झाली, तरी एक गोष्ट उरते. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार, आणि तो सतत गळत असतो. म्हणून तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो: डीडीआर४ मध्ये ६४ मिलिसेकंदांत सगळ्या रांगा एकदा भरून होतात, तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर हेच काम ३२ मिलिसेकंदांत करावं लागतं, कारण गरम चिपमधला भार लवकर गळतो. पेन ड्राइव्हवरची टेस्ट चालते तेव्हा ग्राफिक्स कार्ड निवांत असतं. गेममध्ये तेच कार्ड शेकडो वॉटची उष्णता रॅमच्या शेजारी सोडतं. रात्रभर टेस्ट स्वच्छ आणि गेममध्ये अर्ध्या तासात ब्लू स्क्रीन, यात विसंगती काहीच नाही. अशा वेळी विंडोजमध्ये मशीनला ताण देणारे प्रोग्राम, म्हणजे प्राइम९५ चा ब्लेंड प्रकार किंवा ओसीसीटीची मेमरी टेस्ट, सोबत ग्राफिक्स कार्डावर भार, असं एकत्र चालवून बघा. पण आधी पेन ड्राइव्हवरची टेस्ट, मगच ही. का, ते शेवटी सांगतो.

"नापास झाली तर रॅम बदला." माझं नुकसान केलं ते या वाक्याने. टेस्ट फक्त एवढंच सांगते की लिहिलं एक आणि वाचलं दुसरं. लिहिलेली गोष्ट प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरमधून (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागातून) निघते, सॉकेटच्या पिनांवरून, मदरबोर्डच्या तांब्याच्या रेषांवरून, स्लॉटमधून स्टिकवर, म्हणजे रॅमच्या पट्टीवर पोहोचते आणि त्याच वाटेने परत येते. कंट्रोलर पूर्वी मदरबोर्डच्या चिपसेटमध्ये असायचा. एएमडीने २००३ साली अथलॉन ६४ बरोबर तो प्रोसेसरमध्ये घेतला, इंटेलने २००८ साली कोअर आय७ बरोबर. तेव्हापासून प्रोसेसर सॉकेटमध्ये कसा बसलाय याचा रॅमशी थेट संबंध आहे.

माझ्या मशीनमध्ये कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले गेले होते. प्रोसेसर किंचित कलला होता आणि एका चॅनेलच्या (प्रोसेसर आणि रॅममधल्या एका वाटेच्या) काही पिनांवर पुरेसा दाब पडत नव्हता. हे लक्षात आलं ते असं: एकच स्टिक घेतली आणि एकेका स्लॉटमध्ये लावून टेस्ट केली. दोन स्लॉटमध्ये स्वच्छ, उरलेल्या दोन्हींत चुका. दुसरी स्टिक घेतली, तिचंही तेच. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक खराब, चूक स्लॉटपाशीच थांबली तर स्टिक निर्दोष, इतकं ते सरळ आहे. कूलर काढला, पेस्ट पुसून नवी लावली, स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळले, आणि रात्रभराची टेस्ट एकही चूक न दाखवता संपली. परत केलेल्या दोन जोड्यांमध्ये मला वाटतं काहीच दोष नव्हता.

स्लॉटवरून आठवलं. चार स्लॉटच्या बोर्डवर दोनच स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. मॅन्युअलमध्ये ते चित्रासकट दिलेलं असतं. स्टिक दोन्ही टोकांना पक्की बसली आहे ना, हेही दाबून बघा. प्रोसेसर काढलाच तर सॉकेटच्या पिना तिरप्या उजेडात बघा: एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये १७१८ पिना आहेत, आणि एक वाकलेली असली तरी अख्खं चॅनेल नाहीसं होऊ शकतं.

"खोक्यावरचा वेग कंपनीने तपासलेला असतो." तपासलेला असतो, पण स्टिकचा. तुमच्या प्रोसेसरमधला कंट्रोलर त्या कंपनीने पाहिलेला नसतो. रायझन ७००० या आपल्या प्रोसेसरसाठी एएमडीने सांगितलेला वेग दोन स्टिकवर डीडीआर५-५२०० आहे आणि चार स्टिक लावल्या की ३६००. खोक्यावर मात्र ६००० लिहिलेलं असतं. मधलं अंतर म्हणजे ओव्हरक्लॉक, ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. इंटेलची एक्सएमपी असो की एएमडीची तशीच एक्सपो, इंटेल आणि एएमडी दोघेही त्याला ओव्हरक्लॉकच म्हणतात. बहुतेक मशीनवर तो चालतो, म्हणून तो आपल्याला हक्काचा वाटतो. दोन जोड्या विकत घेऊन चारही स्लॉट भरणाऱ्यांना याचा सगळ्यात जास्त त्रास होतो, आणि त्या जोड्यांचं मॉडेल एकच असलं तरी होतो.

म्हणून माझ्या मते पहिली पायरी टेस्टही नाही. बायोसमध्ये जाऊन सगळं मूळ सेटिंगवर आणा, एक्सएमपी बंद करा आणि दोन दिवस मशीन वापरा. कोसळणं थांबलं तर दोष वेगात आहे. आता बायोस अपडेट करा, तेही याच मूळ सेटिंगवर, कारण अपडेट चालू असताना मशीन अडकली तर नवं संकट. मग ती प्रोफाइल (एक्सएमपी किंवा एक्सपो) पुन्हा चालू करून ६००० ऐवजी ५६०० वर बघा. रोजच्या वापरात हा फरक जाणवतही नाही. आणखी एक: डीडीआर५ ची नवी मशीन पहिल्यांदा सुरू होताना, किंवा बायोस बदलल्यावर, मेमरीचं ट्रेनिंग (प्रोसेसर आणि रॅमची एकमेकांशी जुळवाजुळव) चालतं आणि स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. त्या वेळी वीज बंद करू नका.

"व्होल्टेज थोडं वाढवा." नको. डीडीआर४ चं मूळ व्होल्टेज १.२ आहे आणि डीडीआर५ चं १.१. प्रोफाइल चालू केली की ते आधीच वाढलेलं असतं. शिवाय काही बोर्ड त्यासोबत प्रोसेसरमधल्या कंट्रोलरचंही व्होल्टेज आपणहून चढवतात. २०२३ मध्ये रायझन ७००० चे काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले, तेव्हा एएमडीला बायोस अपडेट काढून याच, म्हणजे एसओसी व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घालावी लागली. कारण न शोधता हा आकडा वाढवण्यात प्रोसेसर पणाला लागतो.

"डीडीआर५ मध्ये ईसीसी असते." असते, चिपच्या आतली. १२८ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून ती चिपमध्येच बिघडलेला एक बिट दुरुस्त करते. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत बिघडलेलं तिला दिसत नाही, आणि वर चर्चा केलेले बहुतेक दोष त्याच वाटेवरचे आहेत.

"विंडोज पुन्हा टाका." हा सल्ला सगळ्यात निरुपद्रवी वाटतो, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते. डिस्कवर जाणारी प्रत्येक फाइल मेमरीतून जाते. मेमरी चुकत असताना टाकलेलं विंडोज जन्मतःच सदोष असू शकतं, आणि मग रॅमचा दोष काढल्यावरही मशीन कोसळत राहते. पेन ड्राइव्हवरची टेस्ट आधी करायची ती यासाठीच, तिच्यात तुमच्या डिस्कला कुणी हात लावत नाही. दोष सापडून टेस्ट स्वच्छ झाल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएफसी स्कॅननाऊ (sfc /scannow) हा आदेश चालवा, त्यातून बिघडलेल्या सिस्टिम फाइल कळतात. स्वतःच्या फायलींसाठी असा आदेश नाही. म्हणून फोटो आणि कागदपत्रं नव्या मशीनवर टेस्ट स्वच्छ झाल्यावरच आणा, आणि आधीच आणली असतील तर जुनी डिस्क पुसू नका. त्या दिवसांत केलेली कॉपी जुन्या डिस्कवरून पुन्हा करा.