लोएत्सची सही आणि माझी

पुण्यातल्या एका बँकेने माझा चेक तीनदा परत पाठवलाय. शेरा एकच: 'सही जुळत नाही'. एकोणिसाव्या वर्षी खातं उघडताना मी खाली दोन टिंबं देऊन झोकात सही ठोकली होती. आता प्रागमध्ये दिवसभर कीबोर्ड बडवून हात असा झालाय की माझी सही म्हणजे उन्हात वाळलेलं गांडूळ. असा माणूस शंभर वर्षांपूर्वीच्या सहीचा खरेखोटेपणा ठरवायला बसला, याला धाडसच म्हणायचं.

झालं असं, की इथल्या जुन्या बाजारात मी एक फुलदाणी घेतली. हिरवी-निळी, डबक्यात सांडलेल्या पेट्रोलवर ऊन पडल्यासारखी चमकणारी. विकणाऱ्याने ती उलटी करून बुडावरची कोरलेली अक्षरं दाखवली: 'लोएत्स ऑस्ट्रिया'. लोएत्स म्हणजे इकडचा जुना, नावाजलेला काचेचा कारखाना.

"किती जुनी?"

"एकोणीसशे तीस!"

अडीच हजार कोरुना मोजले. ट्राममध्ये बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. हा मुलूख आधी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता खरा, पण चेकोस्लोव्हाकिया झाला 1918 मध्ये. 1930 च्या फुलदाणीवर 'ऑस्ट्रिया' कशाला येईल? शिवकालीन तलवारीवर 'महाराष्ट्र शासन' कोरल्यातला प्रकार.

"अरे, त्याला तारीख सांगता आली नसेल," बायको म्हणाली. "वस्तू जुनी असेल आणि माणूस अडाणी." हा विचार मला इतका आवडला की मी लगेच भिंग मागवलं.

पुढचे आठ दिवस मी जेवणाच्या टेबलावर फुलदाणीचं बूड बघत होतो. फुंकून केलेली काच लोखंडी दांड्यावरून तोडली की बुडाला व्रण राहतो. चांगले कारागीर तो घासून गुळगुळीत करतात, त्याची बेंबी होते. सही त्या बेंबीत. आता खरी परीक्षा अशी: शंभर वर्षं फुलदाणी टेबलावर सरकते, बुडाला बारीक ओरखडे पडतात, वाट्टेल त्या दिशेने. हे ओरखडे सहीवरून गेलेले दिसले तर सही जुनी. सहीच ओरखड्यांना कापत गेली असेल, तर ती काल-परवाची. ऐकायला सोपं. पण बेंबी असते खोलगट. टेबलाला टेकते ती बाहेरची कड, ओरखडे सगळे तिथेच. आमच्या बेंबीत ओरखडा औषधालाही नव्हता. दिसत होती ती फक्त अक्षरांच्या खाचांतली पांढरी भुकटी.

"रांगोळी आहे का ही?" बायकोने विचारलं.

व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवली. ते म्हणाले, "एवढा मोठा पेला? ताक पितोस की काय यातून?"

शेवटी काचेचं दुकान चालवणाऱ्या एका वयस्कर बाईंकडे गेलो. त्यांनी फुलदाणी मंगळवारी ठेवून घेतली, वहीत माझी सही घेतली आणि शनिवारी यायला सांगितलं.

शनिवारी त्या पहिल्यांदा बोलल्या तो एकच शब्द: "पद्येलेक." एखाद्या कवीच्या मुलीचं नाव वाटलं मला. चेक भाषेत त्याचा अर्थ बनावट.

मग त्यांनी मला बसवून शिकवणीच घेतली. शुमावाच्या जंगलातला क्लाश्तेर्स्की म्लिनचा हा कारखाना. नावच मुळी 'योहान लोएत्स यांची विधवा'. नातू माक्स फॉन श्पाउनने 1879 मध्ये तो हाती घेतला आणि 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात मोठं पारितोषिक आणलं. आणि गंमत ही, की त्यांच्या बहुतेक वस्तूंवर सहीच नाही! सही व्हायची ती बरीचशी परदेशी जाणाऱ्या मालावर. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने मालावर मूळ देशाचं नाव बंधनकारक केलं होतं. म्हणून जाणकार बूड बघतच नाहीत. ते आकार बघतात. कारखान्याचे कागदी नमुने शिल्लक आहेत, शिंप्याकडच्या कापलेल्या बेतासारखे, त्यावर क्रमांक. बाईंनी माझी फुलदाणी अशाच एका छापील नमुन्याशेजारी धरली. मान, पोट, ओठ, काही म्हणता काही जुळेना.

"मग ही कोणाची?"

"शेजारच्या लेनोरातल्या क्रालिकची असावी. काच चांगली आहे. जुनी आहे. कोणीतरी तिची किंमत वाढवायला सही केली आणि होती तीही घालवली."

मला त्या फुलदाणीबद्दल एकदम माया वाटली. बिचारी स्वतःच्या नावावर धड जगली असती.

बाईंनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि वही पुढे केली. वस्तू परत मिळाली, सही करा. मी केली. त्यांनी मंगळवारच्या सहीकडे पाहिलं, मग आजच्या. मग भिंग डोळ्याला लावलं.