रुमाल तर नंतर आला
शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकावरच्या लेखात म्हटलंय की ऑथेल्लो रुमालामुळे फसला, म्हणजे बायको डेस्डिमोनाचा रुमाल हा तिच्या बदफैलीचा पुरावा मानून बसला, हे काही पटलं नाही. तिसऱ्या अंकातला तो लांबलचक प्रवेश परत वाचा, रुमाल हाती लागायच्या आधीच ऑथेल्लोच्या हाताखालच्या कपटी इयागोने संशय पेरायचं अर्धं काम उरकलेलं असतं आणि तेही काही न सांगता, नुसते ऑथेल्लोचेच शब्द त्याला परत ऐकवून. वर बापाला फसवून डेस्डिमोनाने तुमच्याशी लग्न केलं हे हळूच आठवून देतो, जे खुद्द तिचा बाप पहिल्या अंकात बोलून गेलेला असतो!

आमच्या जुन्या ऑफिसात एकजण अस्सा होता, "जाऊ दे, मी कशाला बोलू" एवढंच म्हणायचा, आणि आम्ही दोघं मित्र सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हतो. पुरावा वगैरे कोणी मागितलाच नाही.