फेकणाऱ्यांसाठी चार शब्द

पाऊस तोंडावर आला की सगळ्यांना एकदम निसर्गाचा कळवळा येतो. तुम्हालाही आला असेल. ग्रुपवर सीडबॉलचं, म्हणजे मातीच्या गोळ्यात बी घालून ते टेकडीवर फेकायचं ठरलं असेल, रविवार धरला असेल, टी-शर्ट छापायला गेले असतील. क्रम अगदी बरोबर आहे: आधी टी-शर्ट, मग फलक, मग माती, आणि वेळ उरलाच तर बी. गेल्या रविवारी एका टेकडीवर असा कार्यक्रम मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. त्यामुळे या विषयात चार शब्द सांगायचा अधिकार आता मला आला आहे, असं मी समजतो.

गोळ्यापासून सुरुवात करू. जाणकार म्हणतात गोळा बोराएवढा असावा. पाच भाग चिकणमाती, तीन भाग चाळलेलं कुजलेलं खत, एक भाग बी, पाणी बेताचं, आणि मग एक-दोन दिवस सावलीत वाळवायचा. ऐकू नका. क्रिकेटच्या चेंडूएवढा करा. हातात भरतो, लांब जातो, फोटोत दिसतो. मधोमध अडकलेल्या कोंबाला इंचभर वाळलेली चिकणमाती फोडून बाहेर यावं लागेल, पण ते त्याचं तो बघेल.

शेण ताजंच घ्या. कुजेपर्यंत थांबायचं म्हणजे पाहुण्यांची तारीख जाते.

गोळे ओले असतानाच प्लास्टिकच्या पोत्यात भरून तोंड आवळून बांधा. तीन-चार दिवसांत आत बुरशी धरेल, काही बिया पोत्यातच मोड काढतील. मोड आले म्हणजे उगवण झालीच की! अहवालात तसं लिहा.

आता बी. हा खरं तर सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग, पण लोक विचारतात म्हणून सांगतो. गेल्या वर्षीचे उरलेले गोळे असतील तर तेच काढा. आत जांभूळ असेल तर ते वाळल्यावर काही आठवड्यांतच मेलं, कडुनिंबाचंही फार वेगळं नाही. पण गोळ्याकडे बाहेरून बघून आतलं बी जिवंत की मेलेलं हे ब्रह्मदेवालाही कळत नाही, मग पाहुण्यांना कुठून कळणार? बहाव्याचं बी घ्याल तर तसंच कोरडं घाला. त्याचं कवच एवढं कठीण की पाणी आत शिरत नाही. टोकाला जरासं घासावं, नाहीतर उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात रात्रभर ठेवावं, हे रोपवाटिकेतला कोणीही माणूस सांगेल. त्याला विचारू नका. बाभळीचं काम शेळ्या फुकट करतात, शेंगा खाऊन बी लेंडीतून मोकळं करतात, पण शेळ्यांना टी-शर्ट बसत नाहीत.

आणि फलकावर ‘देशी’ हा शब्द मोठ्या अक्षरात हवा. एकदा छापला की आत काहीही घाला. रविवारी मी नऊ गोळे उचलून फोडले. सात गोळ्यांत सुबाभूळ, एकात गुलमोहर, एकात काहीच नाही. नुसती माती! त्यातल्या त्यात तोच गोळा मला प्रामाणिक वाटला. गुलमोहर मादागास्करचा, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. सुबाभूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. नावात बाभूळ आहे, तेवढ्यावर ती आपली झाली. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परकीय जातींची एक यादी आहे, तिच्यात सुबाभळीचं नाव आहे. मग तीच का? कारण ती रस्त्याच्या कडेला वर्षभर लगडलेली असते. दोन फांद्या ओरबाडल्या की पिशवी भरते. खैराच्या शेंगा हिवाळ्यात पिकतात, पळसाच्या उन्हाळा संपता संपता, जांभूळ त्याच्याही नंतर. म्हणजे खरोखर देशी बी गोळा करायचं तर वर्षभर झाडांवर डोळा ठेवावा लागतो, शेंगा किडायच्या आत उतरवाव्या लागतात, निवडाव्या लागतात, मूठभर बी ओल्या गोणपाटात ठेवून उगवतं का ते बघावं लागतं. एवढं करणारा माणूस शेवटी गोळा फेकतच नाही, कुदळ घेऊन खड्डा करतो आणि बी स्वतः टोकतो! कारण ते कुठून आणलंय हे त्याला माहीत असतं. ज्याने शनिवारी संध्याकाळी सुबाभूळ ओरबाडली, त्यालाच रविवारी सकाळी ते फेकून द्यायला काही वाटत नाही. फेकण्याचे दोन्ही अर्थ एका माणसात कसे सुखाने नांदतात ते मी त्या दिवशी पाहिलं.

असो. जागेकडे वळू.

झाडं नसलेली कुठलीही मोकळी जागा चालेल. गवताळ माळ तर उत्तमच. चंडोल तिथे जमिनीवर घरटं करतो, तणमोर आणि माळढोक गवत सोडून जाऊ शकत नाहीत, काळवीट आणि लांडगा मोकळ्या रानातच जगतात. त्यांनी आता सावलीची सवय करून घ्यावी.

कातळावरही फेका. आवाज छान येतो.

फेकण्यासाठी गलोल द्या, मुलांना मजा येते, मोठ्यांना जास्त येते. हल्ली ड्रोनही मिळतात. त्यात चढायची दमछाक नाही आणि गोळा कुठे पडला हे बघायची सक्तीही नाही.

भाषणात फुकुओकांचं नाव घ्या. रविवारच्या वक्त्यांनी घेतलं, दोनदा, दोन वेगवेगळ्या उच्चारांनी. मासानोबू फुकुओका म्हणजे जपानच्या शिकोकू बेटावरचे शेतकरी, १९८८ चे मॅगसेसे पुरस्काराचे मानकरी. मातीच्या गोळ्यात बी घालण्याची जुनी युक्ती जगभर गेली ती त्यांच्यामुळे. पण ते गोळा टाकायचे तो आपल्या शेतात, पाखरं आणि उंदरांनी बी खाऊ नये म्हणून. टाकून झाल्यावर ते बसमध्ये बसून निघून जात नसत. तिथेच राहत. दुसऱ्या दिवशी बघत, दुसऱ्या हंगामात बघत, चुकलं तर बदलत, दशकानुदशकं त्याच जमिनीवर. भाषणात एवढं सांगत बसू नका, लोक कंटाळतात.

फेकून झाल्यावर काय करायचं? काही नाही.

म्हणजे खरंच काही नाही. ऑक्टोबरात येऊन किती उगवलं ते मोजायचं नाही. गवत डोक्यावर गेलं तर कापायचं नाही. वणवा लागू नये म्हणून जाळरेषा काढायची नाही, ढोरं चरायला आली तर गुराख्याशी बोलायचं नाही. उन्हाळ्यात तर त्या बाजूला फिरकायचंच नाही. एक लाख गोळे म्हणजे एक लाख झाडं, असा आकडा पाठवून द्यायचा.

आता जरा सरळच बोलतो. त्या टेकडीवर आम्ही पाच-सहा माणसं सहा वर्षं जातोय. काही लावत नाही. गुरं थोपवतो, आग थोपवतो, चर उपसतो. तेवढ्यावर तोडलेल्या पळसाच्या मुळांतून धुमारे आले, खैर आला, टेंभुर्णी आली, कोणी न बोलावता. गुडघ्याएवढी रोपं होती. रविवारी तीनशे माणसं त्यांच्यावरून चालत गेली. त्यांना ती ‘झुडपं’ वाटली. एकजण चांगल्या वाढलेल्या खैरावर पाय देऊन उभा होता आणि गलोल ताणून समोरची टेकडी हिरवी करत होता. मी ओरडलो तर संयोजक धावत आले आणि माझ्या हातात गोळा देऊन म्हणाले, “काका, तुम्हीपण फेका ना एक! व्हिडिओ चालू आहे.”

अहो, डोळे आहेत ना? मग पायाखाली बघता येत नाही? मुलांना घेऊन आलात, चांगली गोष्ट आहे, पण त्यांना काय शिकवलंत? की झाड हे फेकायचं असतं आणि फेकलं की आपलं काम संपलं? त्या सुबाभळीचं बी सगळं यंदाच उगवणार नाही. काही मातीत पडून राहील आणि पुढची कित्येक वर्षं थोडंथोडं वर येत राहील. छाटली तर ती आणखी जोमाने फुटते. मुळासकट उपटावी लागते, तीही लहान असतानाच. ते कोण करणार? तुम्ही? तुम्हाला तर टेकडीची वाटही आठवणार नाही, बसवाल्याने सोडलं होतं. आम्ही करणार, साठीची माणसं, कंबर धरून.

आणि गोळे ज्या प्लास्टिकच्या पाकिटांतून वाटलेत, ती तिथेच टाकून गेलात. ‘वसुंधरा वाचवा’ असं छापलेली. सोमवारी सकाळी मी दोनशे बारा गोळा केली. दोन पोती भरून माझ्या गॅलरीत पडली आहेत. या आणि घेऊन जा. येताना टी-शर्ट नको, खुरपं आणा.