बेवफाईला न्यूयॉर्कचा पत्ता

करण जोहर यांचा 'कभी अलविदा ना कहना' २००६ साली आला तेव्हा 'ही सगळी अमेरिकेची थेरं' असा शेरा मायदेशी मारला गेला, आणि विवाहबाह्य संबंधांचा विषय निघाला की तो आजही ऐकू येतो. विवाहित देव आणि विवाहित माया आपापल्या जोडीदारांपासून लपवून एकमेकांत गुंततात. हे न्यूयॉर्कमध्ये घडते, तेव्हा दोष त्या शहराच्या हवेला देणे सोयीचे ठरते.

प्रत्यक्षात त्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात व्यभिचार हा १९०७ पासून चालत आलेला गुन्हा होता आणि कायद्याच्या लेखी त्यात स्त्री व पुरुष दोघेही दोषी होते. भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ मात्र फक्त पुरुषाला शिक्षा करी, आणि फिर्यादीचा हक्क होता तो त्या स्त्रीच्या नवऱ्याला. म्हणजे हीच कथा मुंबईत घडती, तर मायाच्या नवऱ्याला, ऋषीला, देवविरुद्ध कोर्टात जाता आले असते. देवच्या बायकोला, रियाला, कोणाविरुद्धच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २०१८ साली रद्द केले. न्यूयॉर्कला आपला कायदा मागे घ्यायला २०२४ उजाडले. मधल्या काळात, २०२३ मध्ये, संसदेच्या स्थायी समितीने व्यभिचार पुन्हा गुन्हा ठरवावा, आणि या वेळी तो स्त्री-पुरुष दोघांनाही लागू असावा, अशी शिफारस केली होती. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ती स्वीकारली गेली नाही, हे मला योग्य वाटते. फसवणूक क्षम्य आहे म्हणून नव्हे. फसवल्या गेलेल्या माणसाला जोडीदाराच्या तुरुंगवासाने काय मिळणार, हे मला कळत नाही म्हणून.

परदेशातल्या आपल्या लोकांची लग्ने संस्कारांमुळे टिकतात, असेही मायदेशी अभिमानाने म्हटले जाते. अमेरिकेत त्यात व्हिसाचाही वाटा असतो, याची चर्चा कोणी करत नाही. नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसाचा आधार घटस्फोटाबरोबर संपतो. २०१५ पर्यंत या व्हिसावर नोकरीही करता येत नसे आणि त्यानंतरची मुभा सरसकट सगळ्यांना नाही. चित्रपटातली रिया मासिकाची संपादक आहे, स्वतः कमावते, म्हणून ती देवला घराबाहेर काढू शकते. एच-४ वरच्या बाईला नवऱ्याचे प्रकरण कळले, तर आधी आपल्याला या देशात राहता येईल का, हे वकिलाला विचारावे लागते. मग ती गप्प राहते, आणि नातेवाईक तिच्या सोशिकपणाचे कौतुक करतात.