सेन्सर जळला नाही, उलटा बसला आहे

चतुर्थीला गावी जायच्या आधी गाड्या गॅरेजात येतात, आणि त्याच सुमारास हा संदेश मोबाइलवर फिरतो: ‘गोव्याच्या दमट हवेत एअरफ्लो सेन्सर जळतो. गाडी ओढत नसेल, इंजिनचा दिवा लागला असेल, तर नवीन टाका. कसाही बसवला तरी कॉम्प्युटर जुळवून घेतो. दिवा राहिलाच तर बॅटरीची वायर काढून लावा.’ हा सेन्सर इंजिनात किती हवा जाते ते मोजतो. या संदेशावर विसंबून लोक चांगले सेन्सर फेकून देतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

दमट हवेचं आधी. ३० अंशांना हवा पूर्ण दमट असली तरी घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम वाफ असते, हवेच्या वजनाच्या ३ टक्क्यांहून कमी. सेन्सरची पट्टी मुळातच तापवलेली असते. तेवढ्या वाफेनं ती जळत नाही. पावसाचा संबंध आहे तो वेगळाच. भिजलेला हवेचा फिल्टर काढला-घातला जातो आणि त्या हाताळणीत सेन्सर फिरतो. दिवा लागण्याआधी फिल्टरच्या डब्याला कुणी हात लावला होता का, हे आधी विचारा.

‘कसाही बसवला तरी’ हे सगळ्यात घातक. वाहती हवा पट्टीला थंड करते. ती तापलेली ठेवायला किती वीज लागते, त्यावरून हवेचं वजन कळतं. त्यासाठी सेन्सरचं तोंड फिल्टरकडेच हवं. उलट बसला तर आत हवा कमी आणि घुसळलेली शिरते. काही सेन्सर तर तिला इंजिनाकडून परतणारी हवा समजतात. आकडा कमी आला की पेट्रोलही कमी सुटतं. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून कॉम्प्युटर भर घालतो हे खरं, पण त्याला मर्यादा आहे, साधारण २५ टक्क्यांची. शिवाय अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती दुरुस्ती थांबते. चोर्ला घाटात ट्रकला ओलांडताना गाडी अडखळते ती इथे. डिझेलमध्ये धूर होऊ नये म्हणून कॉम्प्युटर इंधनच आखडतो आणि गाडीची ओढ जाते.

‘नवीन टाका’? आधी बाण बघा. सेन्सरवर हवेची दिशा कोरलेली असते. ती फिल्टरकडून इंजिनाकडे हवी. दोन स्क्रूंवरचे काही सेन्सर अर्धा फेरा फिरवूनही बसतात, नळीसकट येणारे काही दोन्ही बाजूंनी. मग सेन्सरभोवतीची रबरी कडी (ओ-रिंग) आणि पुढचा रबरी पाइप तपासा. स्कॅनरवर पी ०१७१ कोड (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) असेल तर फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलमध्ये किती भर घालतो तो आकडा, पाहा: आयडलिंगला जास्त आणि रेस दिल्यावर उतरत असेल तर हवा कुठून तरी गळून आत येते आहे; रेस दिल्यावरही चढाच राहिला तर संशय सेन्सरवर घ्या. साफ करायचा तर त्यासाठीचाच स्प्रे वापरा, कापूस किंवा बोट लावू नका. आणि अनेक लहान पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसतोच, तिथे इंजिनात जाणाऱ्या नळीतला हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो.

बॅटरीची वायर काढल्यानं दिवा जातो, दोष जात नाही. वायरला हात लावण्याआधी स्कॅनर लावून कोड आणि दोष आला त्या क्षणाच्या नोंदी लिहून घ्या. बहुतेक गाड्यांत बॅटरी सुटली की त्या पुसल्या जातात.