अंदमानात निवांत पडायचंय? मग पाचला उठा

"या वेळी काही बघायचं नाही, नुसतं समुद्रासमोर पडून राहायचं." या वाक्याने सुरू झालेल्या सहलीइतकी दमवणारी सहल दुसरी नाही. अष्टविनायकाला निघालेला माणूस निदान दमायचं ठरवूनच निघतो. निवांत जाणाऱ्याला मात्र आधी तीन-चार महिने निवांतपणाची जमवाजमव करावी लागते. ठिकाण अंदमानचं स्वराज द्वीप असेल, तर बघायलाच नको.

पहिली फजिती नावांची. २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. बुकिंग करताना निम्म्या ठिकाणी जुनं नाव दिसतं, निम्म्या ठिकाणी नवं. त्यामुळे "दोन रात्री हॅवलॉक, दोन रात्री स्वराज द्वीप" असा बेत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकमताने मंजूर होऊ शकतो. माझं मत विचाराल तर होऊ द्या. चार रात्री एकाच बेटावर, यापेक्षा शहाणा बेत नाही. बेट बदलायचं म्हणजे सकाळी खोली सोडा, जेट्टी गाठा, बोटीची वाट बघा, उतरा, दुपारपर्यंत नवी खोली मिळायची वाट बघा. दिवस गेला. पाच रात्रींत तीन बेटं करणारा माणूस अंदमानात कमी आणि जेट्टीवर जास्त राहून येतो.

दुसरी चूक क्रमाची. आपण आधी स्वस्तातलं विमान पकडतो, मग हॉटेल, आणि पोर्ट ब्लेअरहून बेटावर नेणाऱ्या बोटीचं "तिथे गेल्यावर बघू" म्हणतो. डिसेंबरात तिथे गेल्यावर फक्त रांग बघायला मिळते. आधी बोटींच्या वेळा बघा, मग विमान, मग हॉटेल. विमान उतरणं आणि बोट सुटणं यांत अडीच-तीन तास असायला हवेत. कमी असतील तर पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला काढा आणि सेल्युलर जेल बघून घ्या. परतीची आदली रात्रही पोर्ट ब्लेअरलाच. हवा बिघडली की बोट रद्द होते, विमान मात्र तुमच्यासाठी थांबत नाही.

खासगी बोटी बंद काचांच्या आणि एसीच्या. प्रवास साधारण दीड ते अडीच तासांचा. ज्याला घाटात गाडी लागते त्याला बोटही लागणार. गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची. पोटात ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी कुठे जाते ते शेजारी बसलेल्याला विचारा. पुढच्या सीटवर ऐटीत बसू नये, बोटीच्या नाकाडाला हिसके जास्त बसतात. मधली किंवा मागची जागा बरी. आलेपाकाची वडी खिशात असू द्यावी, पोटाला नाही तरी मनाला आधार.

आता खरी मेख. अंदमान मुंबईपासून सुमारे वीस रेखांश पूर्वेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटं धरली, तर सूर्याच्या हिशेबाने ऐंशी मिनिटांचा फरक, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. परिणामी डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्यास्त. पुणेरी माणूस दुपारी जेवून एक वाजता आडवा होतो, चारला उठतो, चहा मागवतो, "जरा ऊन उतरू द्या" म्हणतो, आणि किनाऱ्यावर पोचतो तेव्हा ऊन नव्हे, सूर्यच उतरलेला असतो. त्यातून बरीचशी हॉटेलं पूर्व किनाऱ्यावर, गोविंदनगर-विजयनगरच्या बाजूला, आणि सूर्यास्ताचा राधानगर किनारा पश्चिमेला. म्हणजे साडेतीनला निघायला हवं, आणि परतीची रिक्षा आधीच ठरवलेली हवी. उलट, सकाळी सहाला उठून बघावं तर चांगलंच उजाडलेलं. सूर्योदय हवा असेल तर पूर्वेच्या काळापत्थर किनाऱ्यावर त्याआधी हजर.

एवढं करून समुद्र जागेवर असेलच असंही नाही. हॉटेलच्या फोटोत खोलीच्या पायरीशी निळं पाणी असतं, कारण फोटो भरतीचा असतो. ओहोटीला विजयनगरचं पाणी लांब जातं आणि उरतात खडक आणि मेलेली प्रवाळं. अनवाणी चाललात तर तळवा सोलून निघतो. जुने रबरी बूट न्या. कोकणातल्या लोकांना वाटतं, आपल्याला भरती कळते: तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती. हे गणित आपल्या किनाऱ्याचं आहे. अंदमानात तिथी तीच, पण पाणी वेगळ्या वेळी चढतं. पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टक बघा, आणि भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते हे लक्षात ठेवा. राधानगरला वाळूच वाळू, त्यामुळे तिथे ओहोटीनेही फारसं बिघडत नाही.

स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवू नका. पाण्याखाली दाबामुळे रक्तात जास्त नायट्रोजन विरघळतो. लगेच विमानात बसलात तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होऊ शकतात. बुडी आणि उड्डाण यांत पूर्ण एक दिवस जाऊ द्या.

"तिथे नेटवर्क नसतं, ऑफिसचा फोन येणार नाही" ही जुनी खुशीही आता विसरा. २०२० मध्ये चेन्नईपासून समुद्राखालून सुमारे २३०० किलोमीटर केबल आली, आणि स्वराज द्वीपही तिला जोडलेलं आहे. साहेबांचा आवाज प्रवाळांच्या शेजारून पोचतो.

राहिले शंखशिंपले. किनाऱ्यावरून उचलून आणायचे नाहीत, प्रवाळाचा तुकडासुद्धा नाही. विमानतळावर बॅग यंत्रातून जाते आणि मोज्यात गुंडाळलेला शंख पडद्यावर शंखासारखाच दिसतो. दुकानातून घेतला असेल तर पावती दाखवावी लागते. ती पावती बहुधा "कागदांचा पसारा नको" म्हणून सकाळीच खोलीतल्या डब्यात टाकलेली असते, आणि मध्ये एक समुद्र असतो.