कॅप्टन बीटीची साक्ष: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

‘फॅरनहाइट ४५१’वरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. दोन ओळींत आभार मानून बाजूला ठेवावी अशी ती नाही, म्हणून स्वतंत्रपणे लिहिते आहे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. रे ब्रॅडबरीच्या या कादंबरीत बंब घेऊन निघणारे फायरमन आग विझवत नाहीत, घरोघरची पुस्तकं जाळतात. गाय माँटॅग हा त्यांच्यातलाच एक, आणि तो हळूहळू स्वतःच पुस्तकं लपवायला लागतो. मी लिहिलं होतं की त्या जगात लोकांनी आधी वाचणं सोडलं, जाळपोळ नंतर आली. तुमचं म्हणणं असं की हा युक्तिवाद मुळात कॅप्टन बीटीचा, म्हणजे जाळणाऱ्या खात्याच्या अधिकाऱ्याचा आहे. त्याचं ऐकून मी सरकारला मोकळं सोडलं आणि वाचकाला पिंजऱ्यात उभं केलं. पुस्तकं सत्ताच जाळते, १९३३ चं बर्लिन आठवा, असंही तुम्ही बजावलंत. शिवाय कादंबरी सामान्य माणसांना, त्यातही बायकांना, तुच्छ लेखते आणि शेवटी पुस्तकं पाठ करणाऱ्या भटक्यांची भाबडी सोय लावून मोकळी होते, असे तुमचे उरलेले आक्षेप.

बीटीपासून सुरुवात करते. तो खोटं बोलणाऱ्या खात्याचा माणूस आहे, यात शंकाच नाही. फायरमन मंडळींच्या नियमपुस्तिकेत लिहिलंय की हे दल १७९० साली वसाहतींतली इंग्रजी वळणाची पुस्तकं जाळण्यासाठी स्थापन झालं आणि पहिला फायरमन होता बेंजामिन फ्रँकलिन. खऱ्या फ्रँकलिनने फिलाडेल्फियात १७३६ साली आग विझवणारं स्वयंसेवकांचं पथक उभं केलं, आणि त्याच्या पाच वर्षं आधी, १७३१ मध्ये, वर्गणीवर चालणारं ग्रंथालय सुरू केलं. म्हणजे ज्याने आपल्या गावाला ग्रंथालय आणि बंब दोन्ही दिले, त्याच्याच नावावर हे खातं होळ्या पेटवतं. ब्रॅडबरीने हा उल्लेख सहज केलेला नाही. हे लोक इतिहास बदलतात हे तो आपल्याला आधीच दाखवून ठेवतो, आणि मगच बीटीच्या तोंडी ते लांबलचक भाषण येतं.

ते भाषण होतं कुठे, तेही बघा. आदल्या रात्री एका म्हातारीने आपल्या पुस्तकांबरोबर स्वतःला जाळून घेतलंय. माँटॅग आजारपणाचं निमित्त करून अंथरुणात पडलाय आणि त्याच्या उशीखाली तिच्याच घरातून उचललेलं पुस्तक आहे. बायको उशी सारखी करायला जाते, तिचा हात पुस्तकाला लागतो, चेहरा बदलतो. बीटी समोर बसून बोलतोच आहे. हाताखालचा माणूस निसटतोय हे त्याने ओळखलंय आणि तो त्याला परत ओढायला आलाय. तेव्हा त्याच्या शब्दावर विसंबू नका हा तुमचा इशारा मला पूर्ण मान्य आहे.

पण मी त्याच्या एकट्याच्या शब्दावर विसंबलेलेच नाही. फेबर हा दुसरा साक्षीदार आहे. चाळीस वर्षांपूर्वी विद्यार्थी आणि पैसा दोन्ही आटले म्हणून शेवटचं कला महाविद्यालय बंद पडलं, तेव्हा रस्त्यावर आलेला हा प्राध्यापक. सरकारला दोष देण्याचं सर्वांत जास्त कारण कुणाकडे असेल तर याच्याकडे. आणि तो काय सांगतो? फायरमनची गरज क्वचितच पडते, लोकांनी आपणहून वाचणं थांबवलं. वारं कुठल्या दिशेने वाहतंय हे दिसत असूनही आपण गप्प राहिलो, असं तो स्वतःबद्दलही सांगतो. एकमेकांच्या विरोधात उभ्या असलेल्या दोन माणसांची साक्ष एका मुद्द्यावर जुळत असेल, तर तो मुद्दा मी धरून चालते.

जिथे ती जुळत नाही तिथे बीटी उघडा पडतो. लोक सुखी आहेत, हा त्याचा दावा. माँटॅगच्या बायकोने, मिल्ड्रेडने, झोपेच्या गोळ्यांची बाटली रिकामी केल्यावर यंत्र घेऊन आलेली दोन माणसं काय म्हणतात ते आठवा: अशा नऊ-दहा केसेस रोज रात्री येतात, म्हणून तर खास यंत्रं बनवून घ्यावी लागली. डॉक्टरसुद्धा येत नाही, दोन कामगार पोट आणि रक्त साफ करून पुढच्या घरी जातात. बीटीला खोटं पाडायला हे एवढं पुरेसं आहे. त्यासाठी त्याच्या प्रत्येक वाक्याला खोटं ठरवायची गरज नाही.

आता भुयारी रेल्वेतला प्रसंग. माझ्या मते सगळी कादंबरी तिथे समजते, आणि तुमच्या प्रतिक्रियेत नेमका त्याचाच उल्लेख नाही. माँटॅग फेबरकडे निघालाय. हातात उघडं बायबल आहे, कदाचित देशात उरलेलं शेवटचं. ते लवकरच बीटीच्या हवाली करावं लागणार, म्हणून निदान काही ओळी तरी डोक्यात साठवाव्यात असं त्याला वाटतं. रानातली फुलं कष्ट करत नाहीत, सूत कातत नाहीत, एवढंच पाठ करायचंय. आणि डब्यातल्या भोंग्यातून टूथपेस्टची जाहिरात चालू आहे. तेच नाव, तोच ठेका, पुन्हा पुन्हा. एक ओळ डोक्यात येते आणि जाहिरात ती पुसून टाकते. आजूबाजूचे प्रवासी त्या ठेक्यावर पाय हलवतायत. शेवटी तो उठून ओरडतो, तेव्हा कुठे लोक दचकतात आणि गार्डला बोलवा म्हणतात.

त्या डब्यात फायरमन नाही, माग काढणारा त्यांचा यांत्रिक कुत्रा नाही, बंदीचा हुकूम वाचून दाखवणारं कुणी नाही. बंदी घातलेलं पुस्तक उघडं हातात आहे, आणि माणसाला त्यातलं एक वाक्य धरून ठेवता येत नाही. सरकारने उद्या सगळे बंब मोडीत काढले तरी या माणसाला वाचता येणार आहे का? हा प्रश्न विचारणं म्हणजे सरकारला सोडून देणं, असं मला वाटत नाही. फेबर पुढे सांगतोच की तीन गोष्टी लागतात: ज्यात जीव आहे असा मजकूर, तो पचवायला फुरसत, आणि त्यातून जे कळलं त्यानुसार वागण्याचा हक्क. तिसरी गोष्ट सत्ता हिरावून घेते. दुसरी मात्र माँटॅगच्या घरातल्या तीन भिंतींएवढ्या पडद्यांनी कधीच खाल्लेली असते. चौथा पडदा हवा म्हणून मिल्ड्रेड हट्ट धरते आणि त्याची किंमत नवऱ्याच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा आहे. ते पडदे घरात आणून बसवण्याची सक्ती कुणी केलेली दिसत नाही.

आणखी एक बारकावा. म्हातारीच्या घरावर धाड पडते ती शेजारणीच्या तक्रारीवरून. तक्रारीच्या कार्डावर पत्ता, पोटमाळ्याबद्दलचा संशय आणि खाली तक्रारदाराची आद्याक्षरं. म्हातारी ती वाचून लगेच ओळखते की ही आपली शेजारीण. माँटॅगच्या घराची तक्रार त्याची बायको करते, तिच्या आधी तिच्या मैत्रिणींनीही केलेली असते. या दोन्ही मोठ्या जाळपोळींना नागरिकांनीच बंब बोलावलेत. तुम्ही म्हणाल, लोकांना असं चुगलखोर बनवलं कुणी? सत्तेनेच. कबूल. पण मग सत्तेचे हात कुठे संपतात आणि शेजारणीचे कुठे सुरू होतात, हे कादंबरी मुद्दामच स्पष्ट करत नाही, आणि मला तेच तिचं बळ वाटतं.

बर्लिनचा दाखला तुम्ही दिलात तर तोही पुरता बघू. १० मे १९३३ च्या रात्री ऑपेरा चौकात वीस हजारांहून अधिक पुस्तकं जळाली आणि हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स तिथे बोलला, हे खरंच. पण मोहीम आखली होती जर्मन विद्यार्थी संघटनेने. काळ्या याद्या करून ग्रंथालयांतून पुस्तकं बाहेर काढणारे हात बरेचसे विद्यापीठातले होते, आणि गावोगावच्या होळ्यांसमोर प्राध्यापकांनीही भाषणं केली. चार दिवस आधी माग्नुस हिर्शफेल्ड यांच्या लैंगिकताविषयक संशोधन संस्थेत घुसून तिथलं ग्रंथालय लुटलं गेलं, त्यातही विद्यार्थी पुढे होते. हिटलर सत्तेवर नसता तर हे घडलं नसतं. तरीही आज्ञेची वाट न बघता पुढे धावणारी सुशिक्षित पोरं त्या रात्रीच्या हकिकतीतून वगळता येत नाहीत.

ब्रॅडबरीच्या अमेरिकेतही हेच मिश्रण होतं. १९४७ च्या अखेरीस हॉलिवूडचे स्टुडिओमालक न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जमले आणि कम्युनिस्ट शोधणाऱ्या संसदेच्या समितीपुढे उत्तरं द्यायला नकार देणाऱ्या दहा जणांना काम देणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. तसा कायदा कुणी केलेला नव्हता, धाक पुरेसा होता. १९५३ च्या वसंतात कम्युनिस्टांच्या मागे लागलेल्या सिनेटर मॅकार्थींचे दोन सहायक युरोपातल्या अमेरिकी ग्रंथालयांत संशयास्पद पुस्तकं शोधत फिरले. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात सांगावं लागलं की पुस्तकं जाळणाऱ्यांत सामील होऊ नका. ऑक्टोबरमध्ये ही कादंबरी आली. १९५६ साली रेडिओवर बोलताना ब्रॅडबरीने हीच भीती लिखाणामागे असल्याचं सांगितलं. म्हातारपणी, २००७ मध्ये, त्याने उलट सांगितलं की कादंबरी सरकारी सेन्सॉरशिपवर नाही, टीव्हीवर आहे. लेखकाची दोन विधानं अशी एकमेकांना छेदत असतील तर मी पुस्तक उघडते. तुम्हालाही तेच सुचवेन.

आणि या पुस्तकाचं स्वतःचं काय झालं ते तर माझ्या बाजूचं सर्वांत मोठं उदाहरण आहे. १९६७ मध्ये प्रकाशकाने शाळांसाठी वेगळी आवृत्ती काढली. लेखकाला न सांगता पंचाहत्तर ठिकाणी कात्री चालवली. शिव्या गेल्या, गर्भपाताचा उल्लेख गेला. ‘दारू प्यालेला माणूस’ होता तिथे ‘आजारी माणूस’ आला. बेंबीतला मळ काढण्याचा उल्लेख होता, तिथे कान साफ करणं आलं. काही वर्षं दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी विकल्या जात होत्या. १९७३ पासून मूळ आवृत्ती छापणंच बंद झालं, आणि सेन्सॉरशिपवरची ही कादंबरी १९७९ पर्यंत फक्त कापलेल्या रूपात मिळत राहिली. पाठ्यपुस्तकांचा बाजार जाऊ नये एवढ्यासाठी. हुकूम नव्हता, खटला नव्हता, काडी ओढलेली नव्हती. विद्यार्थ्यांनी फरक लक्षात आणून दिला तेव्हा ब्रॅडबरीला कळलं आणि मग मूळ मजकूर परत आला. तुमच्या व्याख्येत हे बसवायचं कुठे? सत्ता नाही म्हणून सेन्सॉरशिप नाही असं म्हणणार का?

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने आणि ब्रॅडबरीच्या विरोधात आहे. बीटी म्हणतो की प्रत्येक लहानमोठ्या गटाला काहीतरी खुपलं आणि प्रत्येकासाठी थोडं थोडं कापता कापता सगळंच गेलं. काळ्या लोकांना अमुक पुस्तक आवडत नाही, जाळा. गोऱ्यांना तमुक बोचतं, जाळा. दोघांना एका तागडीत टाकणं मला पटत नाही. पुस्तकातल्या स्वतःच्या विद्रूप चित्राबद्दल जो तक्रार करतो, त्याने ते पुस्तक वाचलेलं असतं आणि मनावर घेतलेलं असतं. त्याची तक्रार ही समीक्षाच असते. पान फाडतो तो गिऱ्हाईक गमावायला घाबरणारा प्रकाशक. १९७९ मध्ये कादंबरीला जोडलेल्या मजकुरात ब्रॅडबरी स्वतःही बीटीच्याच सुरात रागावून बोलतो, आणि तिथे त्याचा तोल गेला आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्या पुस्तकावर व्यापारासाठी कात्री चालली, त्याने राग गटांवर काढावा याचं मला वाईट वाटतं.

पुस्तकं पाठ करणाऱ्यांना भाबडं म्हणताना थोडं थांबा. रशियन कवयित्री आना अख्मातोवा स्टालिनच्या काळात आपल्या ‘रेक्विएम’ या कवितेच्या ओळी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून मैत्रीण लिडिया चुकोव्स्कायाच्या हातात द्यायची आणि मोठ्याने चहापाण्याचं काहीतरी विचारायची, कारण भिंतींना कान असण्याची भीती होती. मैत्रीण ओळी पाठ करून चिठोरा परत द्यायची. मग अख्मातोवा काडी ओढून तो राखदाणीत जाळायची. ती १९६६ मध्ये गेली, आणि तिच्या देशात ही कविता छापली जायला १९८७ उजाडलं. हे सगळं खरोखर घडलेलं आहे.

राहता राहिली बायकांची गोष्ट. शेजारची तरुण मुलगी क्लॅरिस माँटॅगला जागं करते आणि गोष्टीतून नाहीशी होते. म्हातारीला नावसुद्धा नाही. शेवटी त्या भटक्यांचा म्होरक्या ग्रेंजर ज्यांची नावं घेतो त्यांत प्लेटो, स्विफ्ट, डार्विन, गांधी, बुद्ध, कन्फ्यूशियस आहेत, स्त्री एकही नाही. इथे बचाव करण्यासारखं काही नाही आणि मी तो करणारही नाही. पण मिल्ड्रेड निव्वळ टवाळीसाठी आहे हे मला मान्य नाही. आपण पहिल्यांदा कुठे भेटलो हे तिला आठवत नाही, तसं माँटॅगलाही आठवत नाही. दोघंही सारखेच रिकामे झालेत, फक्त त्याला क्लॅरिस आणि फेबर भेटतात, तिला कुणीच भेटत नाही. आणि पुस्तकांविरुद्धचा सर्वांत प्रामाणिक आक्षेप बीटीचा नसून तिचा आहे. पुस्तकं म्हणजे माणसं नव्हेत, ती नवऱ्याला म्हणते, तू वाचतोस आणि मी सगळीकडे बघते, पण कुणीच नसतं. पडद्यावरची माणसं निदान तिच्याशी बोलतात. यावर माँटॅगकडे उत्तर नाही. ब्रॅडबरी पुढे फेबर आणतो, ग्रेंजर आणतो, पण तिला उत्तर द्यायला कुणालाच पाठवत नाही. कादंबरीतली खरी उणीव मला इथे दिसते.